दहा दगडांना नऊ किलोमीटर

गाडी ॲव्हरेज किती देते, असं विचारलं की आमच्या सेलूतला माणूस बिनधास्त थाप मारतो. अठरा देते म्हणे. कशावरून? तर परवा पाचशेचं टाकलं होतं आणि काटा अजून हलला नाही. अरे बाबा, तो काटा म्हणजे काय माप आहे का? वरचं अर्धं संपायला आठवडा लावतो आणि खालचं अर्धं दोन दिवसांत गायब. मी महारुद्र, इथल्या एका जिनिंगवर तीस वर्षांपासून मुनीम आहे. कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती गेली, यात माझं आयुष्य गेलं. अंदाजपंचे बोलणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड. एवढं असूनही ह्या गोष्टीत शहाणा मी नाही. शहाणा सूर्यभान, आमच्या जीपचा ड्रायव्हर. हे आधीच सांगून टाकतो, नंतर माझ्या तोंडून निघायला जड जाईल.

सूर्यभान चारठाण्याचा. नववी शिकून ट्रकवर क्लीनर झाला, ट्रॅक्टर चालवला, आणि मग आमच्याकडे आला तो अकरा वर्षं राहिला. बोलायला कमी. सकाळी आला की 'जयभीम मुनीमजी' म्हणायचा, गाडीखाली वाकून बघायचा आणि फडकं घेऊन कामाला लागायचा. पानतंबाखू नाही, गाडीत गाणी नाहीत. आमचे मालक दिनकरराव गमतीनं म्हणायचे, ह्याच्याशेजारी बसून परभणीला जाण्यापेक्षा एकट्यानं गेलेलं परवडलं. हंगामात जीपला उसंत नसायची. खेडोपाडी कापूस बघायला जा, दलालांना फिरव, मशीनचा पट्टा तुटला की परभणीला पळ. महिन्याला अडीच हजार किलोमीटर कुठं गेले नाहीत.

टाकी भरायची त्याची एक पद्धत होती. देवगाव फाट्यावरच्या पंपाची पोरं त्याची जीप दिसली की कपाळाला हात लावायची. पंपाची नळी 'टक' करून बंद पडली की बाकीचे ड्रायव्हर झाकण लावून मोकळे होतात. हा थांबायचा. डिझेलला फेस येतो, तो बसू द्यायचा. मग मागं जाऊन बंपर धरून गाडी गदागदा हलवायचा, म्हणजे टाकीत अडकलेली हवा निघावी. मग परत घाला, परत थांबा, थेट तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत. मागं उभे असलेले हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. ह्याला काही फरक पडायचा नाही.

मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तर म्हणाला, टाकी दरवेळी सारखीच भरली तरच हिसाब खरा. आज काठोकाठ भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. गाडी फिरवायची. पुढच्या खेपेला परत तशीच काठोकाठ भरायची. आता जेवढे लिटर आत गेले, तेवढेच मधे जळले. झालेले किलोमीटर त्या लिटरनं भागले की ॲव्हरेज हातात. यात काटाही लागत नाही आणि अंदाजही. मला ही पद्धत एवढी पसंत पडली की मी लॉगबुकात तिचा वेगळा रकानाच पाडला. सहा वर्षं ही जीप चौदाचं ॲव्हरेज देत आली. कधी पावणेचौदा, कधी सव्वाचौदा, पण चौदाच्या आसपास. मी तो आकडा मालकापुढं मिरवायचो, जसं काही गाडी मीच चालवतोय.

मागच्या हंगामाच्या आधी दिनकररावांनी जीपला मोठे टायर बसवले. आमची जमीन काळी, पावसात शिवाररस्त्यावर गाडी बसली की ट्रॅक्टर लावून ओढावी लागते, हे खरं. पण खरं कारण म्हणजे त्यांच्या पुतण्याची, हरिओमची जीप तशी उंच आणि रुबाबदार दिसायची आणि मालकांच्या मनात ते भरलं होतं. जुने चार टायर चांगले होते म्हणून गोदामात टाकून ठेवले. नवे टायर रुंद, उंच, हत्तीच्या पायासारखे. गाडीत चढताना मला हँडल धरून उडी मारावी लागायची.

पहिल्याच महिन्यात सूर्यभान माझ्या टेबलापाशी आला होता. म्हणाला, आपल्या गेटपासून फाट्यावरच्या पंपापर्यंत चौदा किलोमीटर व्हायचे, आता मीटर साडेबाराच दाखवतंय. त्यावेळी माझ्यापुढं कापसाच्या पावत्यांचा ढीग होता, बाहेर गाड्यांची रांग लागली होती. मीटर बिघडलं असेल, हंगाम झाला की बघू, असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं. तो गेला. मी ते विसरलो. हंगामात माणूस स्वतःचं जेवण विसरतो, पण ही सबब मी तेव्हाही सांगितली होती आणि आताही सांगतोय, आणि ती तेव्हाही पुरेशी नव्हती.

ऑक्टोबरला ॲव्हरेज बाराच्या घरात आलं. नोव्हेंबरलाही बारा. जानेवारी संपला तेव्हा मी चारी महिन्यांचा कागद मांडला. मीटरवर महिन्याला साडेबावीसशे किलोमीटर. चौदाच्या हिशोबानं डिझेल लागायला पाहिजे एकशे साठ लिटर. लागलं एकशे पंच्याऐंशी. म्हणजे महिन्याला चोवीस-पंचवीस लिटर जास्त. चार महिन्यांचे अठ्ठ्याण्णव लिटर. मी तीनदा भागाकार करून पाहिला. आणि मग मला जे सुचलं ते एकच सुचलं. डिझेल उडून तर जात नाही, कुणीतरी काढतंय, आणि टाकीजवळ रोज एकच माणूस असतो.

त्याला एकट्याला बोलावून विचारायला पाहिजे होतं. एवढी अक्कल मला होती. पण कागद बरोबर निघाला की माझ्या अंगात येतं. ऑफिसात दिनकरराव बसले होते, दोन दलाल चहा पीत होते, वजनकाट्यावरचा पंडित दाराशी उभा होता. मी सूर्यभानला आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "चार महिन्यांत अठ्ठ्याण्णव लिटर डिझेल कुठं गेलं?"

त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "डिझेल कुठंच गेलं न्हाई, मुनीमजी. रस्ता आखूड झालाय."

दलाल खो खो हसले. मीही हसलो. दिनकरराव म्हणाले, सेलूचा रस्ता आखूड व्हायला इथं काय धुण्यात आटलाय का? सूर्यभान हसला नाही. त्यानं पंडितला सोबत घेतलं, गोदामातला एक जुना टायर गडगडवत आणला आणि वजनकाट्यासमोरच्या सिमेंटवर उभा केला. टायरवर खडूनं एक रेघ मारली, खाली सिमेंटवर तशीच एक. टायर सरळ लोटला, रेघ परत खाली आली तिथं दुसरी खूण केली. टायरचा एक पूर्ण फेरा. मग जीपला बसवलेलं नवं चाक. तिथंही तशीच रेघ मारून पंडितला म्हणाला की गाडी हळू ढकल, आणि एका फेऱ्याला गाडी किती गेली ते आखलं. दोन्हींत वीतभराहून जास्त फरक होता.

मग तो जे बोलला ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. "मीटर रस्ता मोजत न्हाई, चाकाचे फेरे मोजतंय. चाक मोठं झालं. एका फेऱ्याला गाडी जास्त जायलीय, मीटर जुनंच धरून बसलंय. गाडी दहा किलोमीटर गेली की ते नऊ सांगतंय."

हमाल जमले होते. दलालांनी हसायचं थांबवलं होतं. मला राग आला. खोटं कशाला बोलू? आपण तीनदा भागाकार केलेला आणि हा खडूची रेघ मारून आपल्याला शिकवतोय, याचा राग आला. मी म्हणलं, खडूच्या रेघा मला नको दाखवू, रस्त्यावर दाखव. तो म्हणाला, बसा गाडीत.

आम्ही देवगाव फाट्याहून चारठाण्याच्या अंगाला निघालो. हमरस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडापाशी गाडी थांबवून त्यानं ट्रिपचं मीटर शून्यावर आणलं आणि मला म्हणाला, दगड तुमी मोजा, मी काही बोलणार नाही. दहावा दगड आला तेव्हा मीटरवर बरोबर नऊ होते. मी म्हणलं, परत चल. परत येतानाही दहा दगडांना नऊ. मधे एका दगडाला कुणीतरी बकऱ्या बांधल्या होत्या, तो माझ्या नजरेतून सुटला असं मला वाटलं, म्हणून मी तिसऱ्यांदा जायला लावलं. नऊच.

 ऑफिसात परत आलो तेव्हा सगळे होते तिथंच होते, दलालसुद्धा. तमाशा फुकटचा असला की आमच्याकडं कुणाला घाई नसते. मी नवा कागद घेतला. मीटरचे साडेबावीसशे म्हणजे खरे अडीच हजार. अडीच हजाराला चौदानं भागलं, एकशे अठ्ठ्याहत्तर लिटर आले. लागलेले एकशे पंच्याऐंशी. चोवीस-पंचवीस लिटरचा फरक होता, तो महिन्याला साडेसहावर आला, चार महिन्यांचे सव्वीस. दिनकरराव म्हणाले, मग झालं की. मिटलं.

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मालक मिटलं म्हणाले होते. पण मघाशी सगळ्यांपुढं माझी जी फजिती झाली होती ती मला गिळवत नव्हती. मी विचारलं की हे साडेसहा लिटर राहिले, त्याचं काय? सूर्यभान म्हणाला, चाकं जड आहेत, ओढायला इंजिनाला जोर लागतो, तेवढं जास्त जळणारच. मी म्हणलं, ते कागदावर दाखव. त्याला ते कागदावर दाखवता येईना. कुणालाच आलं नसतं. आणि मी म्हणून गेलो, "म्हणजे तेवढे तरी गेलेच की कुठंतरी."

त्यानं खिशातून जीपची किल्ली काढली, माझ्या कागदावर ठेवली आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णवाचा चोर न्हाई म्हणलाव, सव्वीसचा केलाव. चोर तो चोरच की, मुनीमजी." आणि गेटाबाहेर गेला. मला वाटलं, उद्या येईल. दिनकररावांनाही तेच वाटलं. तो आला नाही. आठ दिवसांनी पंडितकडून कळलं की दुसऱ्या दोन जिनिंगवर तो कामाला विचारायला गेला होता आणि दोन्हीकडं त्याला पहिला प्रश्न तोच केला, डिझेलचं काय झालं होतं म्हणे? दलालांचं तोंड, ते काय शिवून ठेवता येतं?

जीप हरिओमनं चालवायला घेतली. घरचा पोरगा, ड्रायव्हर शोधायची कटकट नको. टाकी काठोकाठ भरायची असते एवढं मी त्याला पढवलं, आणि तेवढं त्यानं ऐकलं. फेब्रुवारीचं ॲव्हरेज मी काढलं. मीटरवर बारा. मार्च, बारा. एप्रिल, बाराला जरा जास्त. दगडांचा फरक धरला तर खरे साडेतेराच्या आसपास, आणि महिन्याला तेच सहा-सात लिटर जास्त.

मी दिनकररावांना दाखवलं. ते म्हणाले, गाडी पितेय रे, जड टायर, जुनं इंजिन, पिणारच. आणि पेपर वाचायला लागले.

मी तिथंच उभा राहिलो. फेब्रुवारीचा आकडा आला तेव्हा मी काय केलं होतं, ते मला आठवलं. पंपाची पावती तपासली होती. मग मेकॅनिकला बोलावून इंजिनातून डिझेल गळतंय का ते बघायला लावलं होतं. मग एअर फिल्टर बदलून घेतला होता. हरिओम डिझेल काढत असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. तेच लिटर, तीच गाडी, तीच टाकी. सूर्यभानच्या वेळी पहिल्या झटक्यात मनात माणूस आला होता, आणि मालकाच्या पुतण्याच्या वेळी फिल्टर. कापूस मोजताना मी कुणाची जात-पात बघत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. त्या दिवशी मला ते सांगता आलं नसतं.

तरी मी लगेच उठून चारठाण्याला गेलो असं नाही. माझ्यासारख्या माणसाचे पाय तेवढे हलके नसतात. मेमधे हरिओमला ड्रायव्हरकीचा कंटाळा आला आणि दिनकरराव म्हणाले, सूर्यभानला बोलावून आण, तेव्हा मी निघालो. तीन महिन्यांचा हरिओमचा कागद खिशात घेतला. एसटीनं गेलो.

सूर्यभानचं घर जुन्या देवळाच्या पलीकडं, बौद्धवाड्याच्या तोंडाशी. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा मांडव. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजानं जात होता, नुकताच आला होता, हातपाय धूत होता. मला बघून दचकला, मग 'या' म्हणाला आणि खुर्ची ओढली. मी बसलो आणि सरळ कागदच काढला. इकडचं तिकडचं बोलायची मला सोय नव्हती. हे बघ म्हणलं, हरिओमचे तीन महिने. तुझ्याच आकड्याला आकडा. जड चाकांचंच आहे ते, तू म्हणत होतास तसंच.

त्यानं कागद घेतला नाही. ओले हात तसेच पुढं धरून उभा राहिला.

"हे मला कशाला दाखवायलाव, मुनीमजी? मला तर माहीत होतं."

मी म्हणलं, मालक परत बोलवतायत. तो म्हणाला, नोकरीचं मागून बघू. आणि घराच्या दाराकडं बोट करून म्हणाला, "हिला दाखवा. हिनं एकदा इचारलं होतं मला. खरंच काढत न्हवता ना, म्हणून."

त्याची बायको सुलाबाई दारात येऊन उभी होती. तिनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.  गावातले लोक काय म्हणत असतील, दुसऱ्या जिनिंगवाले काय म्हणाले असतील, एवढंच मी धरून चाललो होतो. पण माझं ते एक वाक्य सेलूहून इथवर आलं होतं, ह्या दोन खोल्यांत शिरलं होतं आणि चार महिने या दोघांच्या मधे बसून होतं, हे माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं.

मी सुलाबाईला सांगायला सुरुवात केली. ताई, असं बघा, मीटरचे किलोमीटर वेगळे आणि दगडाचे वेगळे. टायर मोठे बसवले, म्हणून दहाला नऊ. मग अडीच हजाराला चौदानं भागायचं. आणि हे हरिओमचे आकडे. मी बोट ठेवून ठेवून सांगत होतो. ती उंबऱ्यावर बसली आणि निमूट ऐकत होती. सूर्यभान मांडवाच्या खांबाला टेकून दुसरीकडं बघत होता.

मधेच तिनं मला थांबवलं. "मला आकड्यातलं कळत न्हाई, भाऊ. त्यांनी डिझेल काढलं का न्हाई, एवढंच सांगा."

चार महिने मी भागाकार केले, गुणाकार केले, दगड मोजले, पण हा साधा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी म्हणलं, "न्हाई काढलं. एक थेंब न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग सूर्यभानकडं वळून हळूच म्हणाली, "मी इचारायला नको होतं."

 त्यानं फक्त मान हलवली. त्या मांडवात तिघं होतो. चुकलेला मी होतो, आणि माफी ती मागत होती. मला इतकी लाज वाटली की खुर्चीत बसवेना. मी उठलो, कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि दोघांपुढं हात जोडून म्हणलं, "ताई, तुम्ही नाही. चुकलो मी."